कॅबिनेटमधल्या दिव्यांना एकच मालक: आरजीबी जुळवणी, खरेदीच्या यादीपासून शेवटच्या रंगापर्यंत

पीसी जुळवून झाला, काच लावली, बटण दाबलं. समोरचे तीन पंखे इंद्रधनुष्य फिरवतायत, रॅम लाल, ग्राफिक्स कार्ड आपल्याच निळ्यात आणि कूलरचा पंप मधूनच लुकलुकतोय. यातला एकही भाग बहुधा बिघडलेला नसतो. पंख्यांना हबचं (अनेक पंख्यांच्या तारा एकत्र आणणाऱ्या पेटीचं) बटण हुकूम देतं, रॅमला एक सॉफ्टवेअर, कार्डाला दुसरं आणि पंपाला कुणीच नाही, म्हणून तो कारखान्यातून आलेल्या रंगात चालतो. आरजीबी (लाल, हिरवा, निळा मिसळून हवा तो रंग दाखवणारे दिवे) जुळवायचं म्हणजे आधी या सगळ्यांना एकच मालक नेमायचा. रंगाची निवड त्यानंतर पाच मिनिटांत होते. मालक मात्र खरेदीची यादी करतानाच ठरवावा लागतो, कारण बिल झाल्यावर हेच काम दुप्पट खर्चात पडतं.

मालक कोण?

पहिला पर्याय मदरबोर्डचा. असूसच्या बोर्डावर आर्मरी क्रेटमधून चालणारं ऑरा सिंक, एमएसआयवर मिस्टिक लाइट, गिगाबाइटवर आरजीबी फ्यूजन, अ‍ॅसरॉकवर पॉलिक्रोम. नावं चार असली तरी पंखे आणि पट्ट्यांसाठी चौघांचंही कनेक्टर एकच आहे: ५ व्होल्टचं, तीन पिनांचं. त्यामुळे पंखे कुठल्याही कंपनीचे घेतले तरी चालतात आणि उद्या बोर्ड बदलला तरी पंखे वाया जात नाहीत. पहिल्यांदा पीसी जुळवणाऱ्याने डोळे मिटून हाच पर्याय घ्यावा.

दुसरा पर्याय पंख्यांच्या कंपनीचा स्वतःचा कंट्रोलर: कोर्सेअरचं आयक्यू, लियन लीचं एल-कनेक्ट, एनझेडएक्सटीचं कॅम. तारा कमी लागतात, काम देखणं होतं. पण मग पंखे, कूलर, जमलं तर रॅमही त्याच घरची घ्यावी लागते. शिवाय असा प्रत्येक कंट्रोलर बोर्डावरचं नऊ पिनांचं एक यूएसबी २.० हेडर (तार लावायची पिनांची जागा) घेतो. बऱ्याच बोर्डांवर अशी दोनच हेडर असतात, त्यातलं एक कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांना जातं आणि पडदा असलेला लिक्विड कूलर घेतला की दुसरंही संपतं. यूएसबी हेडर मोजल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

तिसरा पर्याय सगळ्यांच्या डोक्यावर बसणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ओपनआरजीबी किंवा सिग्नलआरजीबी. बोर्ड एका कंपनीचा आणि कार्ड दुसऱ्याचं असेल तर अनेकदा हाच मार्ग उरतो. त्याबद्दल पुढे.

मालक ठरला की एका कागदावर दिवा असलेला प्रत्येक भाग लिहा. त्यासमोर चार गोष्टी: कनेक्टर कोणतं, एलईडी किती, लेबलवर करंट किती आणि हुकूम कुठून येणार. शेवटच्या रकान्यात दोनपेक्षा जास्त नावं आली तर खरेदी थांबवा आणि यादी बदला. हा कागद पुढे जपून ठेवा, सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरताना तोच लागतो.

पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट

बोर्डावर दिव्यांची दोन प्रकारची हेडर असतात. चार पिनांचं हेडर १२ व्होल्टचं: एक पिन विजेची, बाकी तीन हिरव्या, लाल आणि निळ्या रंगाच्या. त्याला जोडलेली अख्खी पट्टी एका वेळी एकच रंग दाखवते. तीन पिनांचं हेडर ५ व्होल्टचं, ज्याला दुकानात एआरजीबी म्हणतात. त्यात चार पिनांची जागा असते पण तिसरी पिन गाळलेली असते. क्रम असा: ५ व्होल्ट, डेटा, रिकामी जागा, ग्राउंड. इथे प्रत्येक एलईडीत एक छोटी चिप असते, म्हणून प्रत्येक दिवा वेगळा रंग दाखवू शकतो.

एआरजीबीचा प्लग १२ व्होल्टच्या हेडरवर दाबून बसवला की ५ व्होल्टच्या चिपांना १२ व्होल्ट मिळतात आणि त्या तत्काळ जळतात. यावर दुरुस्ती नाही. चांगल्या प्लगमध्ये गाळलेल्या पिनेच्या जागेचं भोक बंद असतं, त्यामुळे चूक होत नाही. स्वस्त स्प्लिटरमध्ये (एका तारेच्या अनेक करणाऱ्या जोडणीत) चारही भोकं उघडी असतात आणि अपघात तिथेच होतात. प्लगवर एक छोटा बाण कोरलेला असतो. तो बोर्डावर जिथे ५ व्होल्ट छापलंय त्या पिनेकडे यायला हवा. जोर लावावा लागत असेल तर हात मागे घ्या.

कोर्सेअर आणि एनझेडएक्सटीच्या काही पंख्यांचे दिव्यांचे प्लगही चार पिनांचे असतात. दिसायला १२ व्होल्टच्या प्लगसारखे, आतली जोडणी वेगळी. ते त्यांच्या स्वतःच्या कंट्रोलरलाच लावायचे. गिगाबाइटच्या काही जुन्या बोर्डांवर एकाच हेडरवर जंपरने (दोन पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीने) ५ किंवा १२ व्होल्ट निवडता येतात. जुना बोर्ड विकत घेतला असेल तर तो जंपर कुठे आहे हे आधी पाहा, पंखा नंतर लावा.

दुकानात फक्त "आरजीबी पंखा" मागू नका. खोक्यावर आरजीबी लिहिलेल्या कितीतरी पंख्यांमध्ये रंग कायमचा ठरलेला असतो आणि ते थेट एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) मोलेक्स प्लगवर चालतात. काही कॅबिनेटसोबत येणारे पंखे सहा पिनांच्या प्लगचे आणि रिमोटवर चालणारे असतात. त्यांच्या कंट्रोलरला बोर्डाकडून डेटा घेणारी तार नसेल, तर ते कोणत्याही सॉफ्टवेअरला जुमानणार नाहीत. विचारायचं ते असं: "पाच व्होल्ट, तीन पिन, मदरबोर्ड सिंक आहे का?" आणि उत्तर ऐकून थांबू नका, प्लग डोळ्यांनी पाहा.

तपकीर गल्लीतली पट्टी

पुण्यात सुट्या एलईडी पट्ट्या, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), मल्टिमीटर आणि तारा घ्यायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली हाताशी आहे. गणपतीच्या आधी तिथे सजावटीच्या पिक्सेल पट्ट्यांची रीघ लागते आणि त्यातल्या काही पट्ट्या कॅबिनेटमध्ये उत्तम चालतात. पण निवड नीट करावी लागते, कारण मखरासाठी विकली जाणारी तीन तारांची पट्टी बऱ्याचदा १२ व्होल्टची असते.

ओळख सोपी आहे. पट्टीच्या तांब्याच्या पॅडजवळचे छापील शब्द वाचा. ५ व्होल्ट, डेटा इन, ग्राउंड असेल तर ती डब्ल्यूएस२८१२बी जातीची असण्याची शक्यता मोठी, आणि तीच हवी. १२ व्होल्ट, डेटा इन, ग्राउंड असेल तर ती बहुतेक डब्ल्यूएस२८११ ची. तिथे एक चिप तीन एलईडी एकत्र चालवते आणि बोर्डाच्या ५ व्होल्टवर ती नीट पेटत नाही. छपाई पुसट असेल तर कापायच्या खुणा पाहा: ५ व्होल्टच्या पट्टीवर प्रत्येक एलईडीनंतर खूण असते, १२ व्होल्टच्या पट्टीवर सहसा तीन-तीन एलईडीनंतर. पट्टीवर डेटाच्या दिशेचे बाणही असतात. डेटा बाणाच्या मागच्या टोकातून आत जातो, उलट्या टोकाला जोडलं तर काहीही पेटणार नाही.

मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी कॅबिनेटसाठी पुरे. १४४ ची पट्टी सुंदर दिसते, पण करंट जवळपास अडीचपट मागते. चिकटवण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात बंद खोलीत पीसी चालला की पट्टीमागचा डिंक मऊ पडतो आणि पट्टी लोंबते, म्हणून दर १५ सेंटिमीटरला एक प्लॅस्टिकची क्लिप लावाच. लोंबलेली पट्टी कार्डाच्या पंख्यात गेली तर पंखाही जातो.

करंटचा हिशेब

हा भाग बहुतेक जण गाळतात आणि मग "बोर्ड खराब आहे" म्हणतात. डब्ल्यूएस२८१२बीचा पारंपरिक हिशेब असा की प्रत्येक रंग पूर्ण पेटला की २० मिलिअँपिअर घेतो. पांढऱ्यात तिन्ही रंग पेटतात, म्हणजे एका एलईडीला ६० मिलिअँपिअर. नव्या आवृत्त्या कमी घेतात. पंख्याच्या लेबलवर एलईडीचा करंट छापलेला असेल तर तो आकडा धरा, नसेल तर ६० धरा.

अनेक बोर्डांच्या एआरजीबी हेडरची मर्यादा ३ अँपिअर असते, काहींची कमी. अचूक आकडा मॅन्युअलमध्ये हेडरच्या चित्राशेजारी दिलेला असतो. एमएसआयच्या कितीतरी मॅन्युअलमध्ये रेनबो हेडरसाठी (एमएसआयचं एआरजीबी हेडर) लिहिलेलं असतं: ३ अँपिअर, ७५ एलईडी, आणि ब्राइटनेस २० टक्के ठेवला तर २००. ब्राइटनेस आणि संख्या यांचा सौदा कसा असतो ते या एका ओळीतच कळतं.

आता एक नेहमीचा पीसी घेऊ. समोर ३ पंखे, लिक्विड कूलरच्या रेडिएटरवर ३, मागे १. प्रत्येकी १२ एलईडी धरले तर ८४. पंपावर १२. खालच्या बाजूला ६० सेंटिमीटर पट्टी, म्हणजे ३६. एकूण १३२ एलईडी. सगळे पांढरे पेटले तर १३२ गुणिले ०.०६, म्हणजे ७.९ अँपिअर, जवळपास ४० वॅट. हे एका हेडरवर टाकायचा प्रश्नच नाही.

बोर्डावर तीन एआरजीबी हेडर असतील तर वाटणी अशी जमते. पहिल्यावर समोरचे तीन पंखे: ३६ एलईडी, २.१६ अँपिअर. दुसऱ्यावर रेडिएटरचे पंखे आणि पंप: ४८ एलईडी, २.८८ अँपिअर. तिसऱ्यावर मागचा पंखा आणि पट्टी: पुन्हा ४८, २.८८. मर्यादेत बसलं, पण काठावर. म्हणून ब्राइटनेस ७० टक्क्यांवर ठेवायचा. डोळ्याला फरक जाणवत नाही आणि तारा थंड राहतात.

दोनच हेडर असतील तर हब घ्या. हबला वीज एसएमपीएसकडून साटाच्या तारेने मिळते आणि बोर्डाकडून फक्त डेटा येतो. पण हबही अमर्याद नाही. साटाच्या पॉवर प्लगमध्ये ५ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी १.५ अँपिअरच्या, म्हणजे एकूण ४.५. वरच्या पीसीत दुसऱ्या हेडरचं ओझं तसंच ठेवून उरलेले ८४ एलईडी हबवर टाकले तर पूर्ण पांढऱ्यात ५.०४ अँपिअर होतात. इथे ब्राइटनेस ७० टक्क्यांवर आणला की ३.५ पर्यंत येतं. त्याच साटाच्या तारेवर हार्ड डिस्क किंवा दुसरा हब लावू नका. मोलेक्सवरून साटा करणारे ओतीव प्लॅस्टिकचे स्वस्त अडॅप्टर तर घरातच आणू नका: आतल्या तारा सरकून एकमेकींना टेकतात आणि प्लग वितळतो.

यूपीएसचाही विचार करा. वळिवाच्या दिवसांत वीज जाते-येते, म्हणून अनेकांकडे ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॅट असते. गेम चालू असताना त्यात दिव्यांचे ४० वॅट वाढले तर बॅटरीवर गेल्या क्षणी यूपीएस ओझ्याने बंद पडू शकतो.

साखळी की स्प्लिटर

पंखे जोडायच्या दोन रीती आहेत आणि त्यांचा दिसण्यावर मोठा परिणाम होतो.

स्प्लिटरमध्ये किंवा साध्या हबमध्ये एकच डेटा सगळ्यांना समांतर जातो. प्रत्येक पंखा हुबेहूब तेच करतो. सॉफ्टवेअरला एलईडीची संख्या सांगताना सर्वात मोठ्या भागाचीच सांगायची, उदाहरणार्थ १२. करंट मात्र सगळ्यांचा मिळून मोजायचा.

साखळीत एका पंख्यातून डेटा दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जातो. लाट खालच्या पंख्यात उगवून वरच्यात मावळते, ती साखळीमुळेच. प्रत्येक चिप आलेल्या माहितीतले पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवते आणि बाकीचं पुढे ढकलते. म्हणून इथे सॉफ्टवेअरला एकूण बेरीज सांगावी लागते: तीन पंखे, ३६. संख्या १२ ठेवली तर पहिलाच पंखा नाचेल आणि पुढचे दोन अंधारात राहतील. लोक हे पंखे परत करायला दुकानात जातात, चूक फक्त त्या एका रकान्यात असते. साखळीसाठी प्रत्येक पंख्याला दिव्यांचे दोन प्लग लागतात, एक येणारा, एक जाणारा. एकच असेल तर तो पंखा साखळीच्या शेवटी लावा.

साखळीचा क्रम कॅबिनेटमधल्या जागेप्रमाणे ठेवा: समोर खालून वर, मग छतावर पुढून मागे. पंखे बसवताना सगळ्यांच्या तारा एकाच कोपऱ्यातून बाहेर येतील असं पाहा. वर्तुळातला पहिला एलईडी सहसा तारेच्या कोपऱ्याजवळ असतो. एक पंखा ९० अंशांत फिरलेला असेल तर रंगांचं चक्र त्याच पंख्यात वेगळ्या जागी सुरू होतं आणि नजर तिथेच अडकते. सॉफ्टवेअरमध्ये हे सुधारणं कटकटीचं, स्क्रू काढून फिरवणं सोपं.

हवेची दिशा दिव्यासाठी बदलू नका. आत हवा घेणारे पंखे काचेच्या बाजूने पाठमोरे दिसतात आणि चौकटीचे दांडे रंग अडवतात, म्हणून काही जण ते उलटे लावतात. मग हवा बाहेर जाते आणि कार्ड तापतं. त्या जागेसाठी उलट्या पात्यांचे पंखे मिळतात, तेच घ्या.

जोडणी, टेबलावर आणि आत

एसएमपीएसचं मागचं बटण बंद करून पॉवर बटण एकदा दाबा, म्हणजे उरलेला भार निघून जाईल. चालू पीसीत एआरजीबी प्लग काढू-घालू नका, ग्राउंड आधी सुटला तर डेटाच्या पिनेतून उलटा करंट जाऊन पहिली चिप मरते.

पंखे कॅबिनेटमध्ये कसण्याआधी सगळं टेबलावर जोडून पेटवा. बोर्ड खोक्यावर, शेजारी हब, त्याला पंखे. प्रत्येक पंखा लाल, हिरवा, निळा, पांढरा असा पाहा. मेलेला एलईडी इथे सापडला तर बदलून मिळतो. रेडिएटरला स्क्रूंनी कसल्यावर सापडला तर अर्धा दिवस जातो.

आत बसवताना आधी हबची जागा ठरवा. बोर्डाच्या पाठीमागे, मध्यावर, जिथून प्रत्येक पंख्याची तार ताण न पडता पोचेल तिथे. बोर्ड ते हब ही डेटाची तार जितकी आखूड तितकी चांगली. ५ व्होल्टवर चालणारी ही चिप डेटाचा इशारा साधारण ३.५ व्होल्टच्या वर असेल तरच "एक" मानते. दोन-तीन एक्स्टेंशन जोडून तार लांबवली की इशारा दुबळा होतो आणि दिवे वेडेवाकडे लुकलुकतात.

साखळीच्या शेवटच्या पंख्यावर एक उघडा प्लग लोंबत राहतो. त्याच्या पिना पत्र्याला टेकल्या तर ५ व्होल्ट थेट ग्राउंडला जातील. त्यावर टोपी किंवा हीट श्रिंक चढवा. दोन मादी प्लग जोडणाऱ्या सुट्या पिना हलक्या धक्क्याने निसटतात, त्यांवरही टेपचा एक वेढा द्या. आणि प्रत्येक तारेला कागदी चिठ्ठी: "समोर १", "पंप", "पट्टी". सहा महिन्यांनी धूळ काढताना याचं मोल कळतं.

पंख्याची चार पिनांची वेगाची तार आणि तीन पिनांची दिव्याची तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेगाची तार पंख्याच्या हेडरला, पंपाची पंपाच्या हेडरला. दिवे पेटले म्हणजे पंप फिरतोय असं नाही. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पंपाचा वेग पाहूनच पुढे जा.

बायोसमधल्या तीन जागा

पहिली, ईआरपी, म्हणजे बंद पीसीची वीज वाचवण्याची सोय. पीसी बंद केला तरी दिवे जळत राहतात, कारण हेडरला एसएमपीएसची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन मिळत राहते. पेइंग गेस्टच्या खोलीत शेजारी कुणी झोपलेलं असेल तर हे फार त्रासाचं. ईआरपी चालू केलं की ती वीज तुटते. असूसच्या बायोसमध्ये ऑनबोर्ड डिव्हाइसेसखाली एलईडी लाइटिंगचाही वेगळा पर्याय असतो.

दुसरी, रॅमसाठी: एसपीडी राइट डिसेबल. इंटेलच्या काही बोर्डांवर हे चालू असतं आणि मग सॉफ्टवेअरला रॅम दिसते पण रंग बदलत नाही. ते बंद केल्यावर रंग बदलतो. ही सोय रॅमच्या माहितीची चिप चुकून खराब होऊ नये म्हणून दिलेली आहे, तेव्हा ती बंद केल्यावर रॅमच्या दिव्यांना हात घालणारं सॉफ्टवेअर एकच ठेवा.

तिसरी, असूसच्या बोर्डावर आर्मरी क्रेट आपोआप बसवण्याचा पर्याय. तुमचा मालक दुसरा असेल तर हा बंद करा, नाहीतर विंडोज चालू झाल्यावर ते पुन्हा पुन्हा विचारत राहील.

सॉफ्टवेअर: एक म्हणजे एकच

रॅम आणि बोर्ड एसएमबस नावाच्या संथ लाइनवर बोलतात. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी त्यावर लिहायला लागली की रंग अडखळतात, एक रॅम लाल आणि दुसरी हिरवी होते, कधी पीसीच काही क्षण थबकतो. क्रम असा ठेवा. आधी चिपसेटचे ड्रायव्हर. मग जुनी सगळी लाइटिंग सॉफ्टवेअर काढा. आर्मरी क्रेट काढायला असूसचं वेगळं अनइन्स्टॉल टूल आहे, तेच वापरा, नुसतं कंट्रोल पॅनेलमधून काढलं तर त्याच्या पडद्यामागे चालणाऱ्या सेवा मागे राहतात. त्यानंतर पीसी बंद करून एसएमपीएसचं बटण अर्धा मिनिट बंद ठेवा. दिव्यांचे कंट्रोलर स्टँडबाय विजेवर जागे असतात, नुसत्या रीस्टार्टने त्यांची आठवण पुसली जात नाही. आता मालकाचं एकच सॉफ्टवेअर बसवा आणि कागदावरचे एलईडीचे आकडे प्रत्येक हेडरला भरा.

विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लाइटिंग नावाची सोय आली आहे. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशनखाली ती सापडते. कीबोर्ड-माउस त्यात दिसत असतील आणि ते तुमच्या सॉफ्टवेअरशी भांडत असतील तर तिथलं मुख्य बटण बंद करा, किंवा त्याच पानावरच्या यादीत आपलं सॉफ्टवेअर सर्वात वर न्या.

बोर्ड एका कंपनीचा आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचं असेल तर एक युक्ती बऱ्याच कार्डांवर चालते. कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर तात्पुरतं बसवा, एक स्थिर रंग निवडा, तो कार्डात साठवा आणि सॉफ्टवेअर काढून टाका. कार्ड तो रंग लक्षात ठेवतं. ओपनआरजीबीमध्येही साठवण्याचं बटण आहे, ज्या भागाला सोय असेल त्यालाच ते लागू होतं. लाटा आणि श्वास घेणारे रंग कार्डावर जुळणार नाहीत, पण स्थिर रंगाच्या पीसीला ते पुरेसं आहे.

ओपनआरजीबी मोफत, मुक्त स्रोताचं आणि लिनक्सवरही चालणारं आहे. लिनक्सवर आयटूसी-डेव्ह मॉड्यूल लोड करावं लागतं, त्यासोबत इंटेलच्या बोर्डाला आयटूसी-आय८०१ आणि एएमडीला आयटूसी-पीआयआयएक्स४. यूडेव्हचे (भागांना हात लावायची परवानगी देणारे) नियम बसवले नाहीत तर बोर्ड दिसणार नाही. विंडोजवर जुन्या आवृत्त्या विनरिंग० हा ड्रायव्हर वापरत. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने त्याला धोक्याचा शिक्का मारायला सुरुवात केली. इशारा आला तर डिफेंडर बंद करू नका, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या.

रंग जुळवताना

सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा दिला तरी डोळ्याला एकच रंग दिसत नाही. रॅमवर दुधी पट्टी असते, पंख्याची पाती धुरकट पारदर्शक, पट्टीचे दिवे उघडे. आधी सगळ्यांना शुद्ध लाल द्या. एखादा भाग हिरवा दिसला तर त्याच्या रंगांचा क्रम वेगळा आहे: काही पट्ट्या लाल आधी मोजतात, काही हिरवा. आरजीबी फ्यूजन आणि ऑरामध्ये यासाठी कॅलिब्रेटची सोय आहे.

मग पांढरा. तिन्ही रंग २५५ ठेवले की पांढरा निळसर आणि थंड दिसतो, ट्यूबलाइटसारखा. लाल २५५, हिरवा २१०, निळा १७० पासून सुरुवात करा आणि डोळ्याने सुधारा. हे रात्री करा, खोलीतला दिवा नेहमी असतो तसा ठेवून. पट्टीचा ब्राइटनेस ४० टक्क्यांपर्यंत उतरवा, पंखे ६०-७०, रॅम पूर्ण. उघड्या दिव्यांची धग कमी झाली की बाकीचे भाग आपोआप वर येतात. पांढऱ्याने दमवलं तर केशरी किंवा गडद निळ्यावर जा. त्यात भागाभागांतला फरक फारसा कळत नाही आणि करंटही कमी लागतो.

कुठे काय बिघडतं

साखळीत एका जागेपुढचं सगळं अंधारात असेल तर दोष शेवटच्या पेटलेल्या एलईडीत किंवा त्याच्या लगेच पुढच्यात असतो, किंवा त्या दोघांमधल्या प्लगमध्ये. तो पंखा साखळीतून काढून पुढचा थेट जोडा. पेटला तर दोषी सापडला.

शेवटचे दिवे पांढऱ्यात पिवळट-लालसर दिसत असतील तर व्होल्टेज वाटेत गळतंय. निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. म्हणून वीज कमी पडली की निळा आधी मंदावतो आणि लाल उरतो. साखळी लहान करा, ब्राइटनेस उतरवा किंवा लांब पट्टीच्या शेवटालाही ५ व्होल्ट आणि ग्राउंड द्या.

हबवरचे पंखे सॉफ्टवेअरला दाद देत नसतील तर हब स्वतःच्या तालात चाललाय. बहुतेक हबांचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की तो बोर्डाच्या ताब्यात जातो.

किंगस्टनच्या फ्युरी आरजीबी रॅमच्या कांड्या आपापसात इन्फ्रारेडने ताल जुळवतात. एक मागे-पुढे होत असेल तर ती नीट बसलेली नाही किंवा मधे काहीतरी आडवं आलंय. दोन्ही बाजूंचे क्लिप टकटक वाजेपर्यंत दाबून बसवा.

विंडोज येईपर्यंत इंद्रधनुष्य आणि मग तुमचा रंग, हा बिघाड नाही. सॉफ्टवेअरची सेवा सुरू होईपर्यंत कंट्रोलर स्वतःच्या आठवणीतला रंग दाखवतो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये हार्डवेअर लाइटिंगचं वेगळं पान आहे तिथे तोच रंग साठवला की सुरुवातीपासून एकच दिसेल. झोपेतून उठल्यावर रंग बदलत असेल तरी उपाय हाच.

सगळं जमलं की प्रोफाइलची फाइल पेन ड्राइव्हवर काढून ठेवा आणि तो एलईडीच्या आकड्यांचा कागद कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावर आतून चिकटवा. पुढच्या वेळी विंडोज नव्याने टाकलं की सगळ्यात आधी तोच शोधला जातो.